पाण्याबाहेरचं नाक

एका डोहात एक मासोळी नदीवरून नव्यानं नांदायला आली होती. बोलायची कमी, पण बघायची सगळं.

या डोहाची एक रीत होती. कसलाही वाद निघाला की निवाडा म्हशीनं करायचा. म्हैस रोज दुपारी डुंबायला यायची. तिचं नाक सगळ्यांत मोठं, म्हणून तिचा शब्दही मोठा.

एके सकाळी वरून येणाऱ्या पाण्याला कडवट वास आला. मासोळी जागीच थबकली. तिच्या माहेरीही असाच वास आला होता. माणसांनी विषारी फळं ठेचून पाण्यात टाकली होती आणि सांजेपर्यंत तिचं सगळं माहेर पोट वर करून तरंगत होतं.

ती सासूकडे गेली. "आत्याबाई, पाण्यात विष येतंय. पिल्लांना घेऊन झऱ्याच्या तोंडाशी जाऊ या. तिथं जमिनीतून ताजं पाणी येतं."

"वास मलाही येतोय," सासू म्हणाली. "पण आपल्या नाकाचं काय एवढं? त्यातून साधा श्वास तरी घेतो का आपण? म्हशीला विचारू."

दुपारपर्यंत सगळे थांबले. म्हैस आली, पाण्यात बसली, नाक वर करून फुसफुसली.

"मला नाही येत वास. मी या नाकानं श्वास घेते, वासही घेते. तुमचा श्वास कल्ल्यांनी. तुमची नाकं नुसती शोभेची."

मासे हसले. सासरे म्हणाले, "झालं समाधान, सूनबाई?"

"नाही झालं," मासोळी म्हणाली. "म्हशीबाई, नाक पाण्यात बुडवून सांगा."

"बुडवलं तर श्वास कशानं घेऊ?"

"तेच म्हणतेय. तुमचं नाक बाहेर, विष आत. तुम्हाला येतो तो काठावरच्या गवताचा वास. आमच्या नाकात पाणी एका भोकातून शिरतं, दुसऱ्यातून निघतं, ते फक्त वास घ्यायला. दुसरं काही कामच नाही त्याला."

"पाहुण्यांशी असं बोलतात?" सासू कडाडली.

मासोळीनं पिल्लं गोळा केली आणि ती झऱ्याकडे निघाली. मोठे मासे म्हशीचा मान राखायला तिथंच थांबले.

उन्हं कलली तसे ते एकेक करून पोट वर करून तरंगू लागले. थोडे कसेबसे झऱ्याकडे निसटले. म्हैस अंग झटकून काठावर गेली. तिला काहीच झालं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी सासू धापा टाकत झऱ्याशी पोचली. "अगं, नीट सांगायचं तरी होतंस."

"नीटच सांगितलं होतं, आत्याबाई. आणि वास तुम्हालाही आला होता."

एवढं बोलून मासोळी सरकली. सासूला ताज्या पाण्यात जागा करून दिली. राग मात्र तिनं तसाच ठेवला.

तात्पर्य: ज्याचं नाक पाण्याबाहेर आहे त्याला पाण्यातलं विष विचारू नये, आणि स्वतःला आलेला वास कुणाच्या मानापायी नाकारू नये.