सर्जेरावानं काढलेला वळसा

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव उंबरघाटाच्या पायथ्याशी होतं, एवढं मला पक्कं आठवतं. पण त्या वर्षीची घाटातली गाड्यांची शर्यत माघात झाली की फाल्गुनात, आणि गाडी लाल होती की केशरी, हे आता छातीवर हात ठेवून सांगवत नाही. काही गोष्टी माझ्या मनानेही नंतर भरल्या असतील. माणसाचं नाव मात्र सर्जेराव. त्याबद्दल शंका नाही.

सर्जेराव चाळिशीचा, अंगानं दणकट, मनानं लोण्यासारखा. सांगितलं की ऐकायचा. हाच त्याचा दोष. आधी तो पिठाच्या गिरणीत होता. मालक म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून बघ रे, पीठ जाडं पडता कामा नये." सर्जेरावानं डोळ्यांत तेल घातलं. दोन दिवस त्याला काहीच दिसलं नाही, आणि गिरणी सुटली.

मग तो सासऱ्याच्या शेळ्या राखू लागला. सासरे वाईट बोलत नसत. पण संध्याकाळी शेळ्या मोजताना सर्जेरावालाही त्यातच मोजत. त्याला ते फार लागायचं.

शेवटी दस्तगीर वस्तादांनी त्याला आपल्या गॅरेजात हाताखाली घेतलं. वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सर्जेराव, ही गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. रविवारी घाटात शर्यत हाय. तवर काय घोटाळा केला नाहीस, तर तुला कायमचा ठेवतो. केलास, तर सोमवारी तू आन् सासऱ्याच्या शेळ्या."

"व्हय, वस्ताद," सर्जेराव म्हणाला. त्या दिवशी सोमवारच होता.

डॉक्टरीणबाई म्हणजे मृणालिनी घोरपडे. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि वर्षातून एकदा घाटात गाडी पळवायच्या. दर वर्षी थोडक्यात हरायच्या. वस्तादांचं म्हणणं, इंजीन तापतं म्हणून.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं. "हे बघ. हा थ्रॉटल. इंजीन हितनं श्वास घेतंय. श्वास गार पायजे. पण कंपनीनं ह्याच्या अंगातनं रेडिएटरचं गरम पाणी फिरवलंय. का? तर बर्फाच्या मुलखात हितं बर्फ धरू नये म्हणून. आपल्याकडं बर्फ कुठं असतो?"

"गाड्यावरच्या गोळ्यात," सर्जेराव म्हणाला.

"गप. हे दोन पाइप थ्रॉटलवरनं काढायचे. सोडव."

इंजीन नुकतंच बंद केलेलं. सर्जेरावानं पाइप सोडवला. उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. वस्ताद एका उडीत रस्त्यावर.

"आरं, गरम असताना हात लावतात व्हय? आधी पुरतं गार होऊ द्यायचं, मग पुढचं बघायचं!"

"व्हय, वस्ताद. ध्यानात ठेवतो."

मंगळवारी डॉक्टरीणबाई गाडी बघायला आल्या. वस्तादांनी सर्जेरावाला चहा आणायला पाठवलं. त्याने चहा आणला, मागच्या कट्ट्यावर ठेवला आणि शेजारी राखण करत बसला. तासाभराने साय धरलेला चहा त्याने बाईंच्या पुढे केला.

बाईंनी एक घोट घेतला आणि त्या दातांच्या डॉक्टरीण असूनही त्यांचे दात शिवशिवले.

"आरं देवा!" वस्ताद ओरडले. "दारात आलेल्या माणसाच्या हातात जे द्यायचं ते गरमागरम द्यायचं!"

"व्हय, वस्ताद. चुकलं माझं."

बुधवारी बाई पुन्हा आल्या. "सर्जेराव, गाडीची किल्ली द्या हो जरा." सर्जेराव आत गेला. त्याने किल्ली सांडशीत धरून स्टोव्हवर चांगली लाल केली आणि लगबगीने आणून बाईंच्या तळहातावर ठेवली.

बाईंची किंकाळी चौकापर्यंत गेली. वस्तादांनी कपाळावर हात मारला. "शिकल्याली बाई म्हणून गप हाय. आरं, कुणाला काय द्यायचं तर नीट फडक्यात गुंडाळून द्यावं!"

"आता फडक्याशिवाय द्यायचंच नाही," सर्जेराव म्हणाला आणि त्याने तीन फडकी खिशात कोंबली.

गुरुवारी वस्तादांनी थ्रॉटल खोलून, धुऊन लख्ख केला. "हा आता इंजिनाला दे बसवून. मी नमाजाला जाऊन येतो."

इंजिनाला द्यायचा होता. सर्जेरावानं तो फडक्यात नीट गुंडाळला, वरून एक गाठ मारली आणि बसवला. वस्तादांनी येऊन स्टार्टर मारला. इंजीन खोकलं, गुदमरलं, गप झालं. वस्तादांनी वाकून पाहिलं. श्वासाच्या तोंडात निळ्या चौकटीचं फडकं होतं.

या वेळी वस्ताद ओरडले नाहीत. ते टायरवर बसले. दाढी कुरवाळत हळू म्हणाले, "सर्जेराव, ऐक. पाणी हिकडनं येतंय, तिकडं जातंय. मधे थ्रॉटलचा वळसा. तो आपल्याला नको. नको ते मधनं काढायचं आन् दोन टोकं एकमेकांना थेट जोडायची. बास. एवढंच काम हाय."

सर्जेरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने फडकं काढलं. दोन्ही पाइपांची टोकं मधे नळीचा तुकडा घालून जोडली, क्लिपा आवळल्या. वस्तादांनी इंजीन अर्धा तास चालवलं. एक थेंब गळाला नाही. थ्रॉटलला हात लावला, तर गार.

"बेस," वस्ताद म्हणाले.

सर्जेरावाला आयुष्यात प्रथमच कुणी बेस म्हटलं होतं. एक धडा त्याला पुरता कळला होता. घोटाळा झाला तो यामुळेच.

शुक्रवारी सकाळी त्याची बायको हौसाबाई भाकरी थापत होती. गावाला पाणी सकाळी एकच तास. सर्जेरावानं नळाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि गॅरेजातून आणलेला पाइप काढून नळाचं तोंड थेट मोरीला जोडलं. क्लिपाही आवळल्या. तासाभराने हौसाबाई उठली, तर घागरी कोरड्या.

"अहो, पाणी कुठं गेलं?"

"नळातनं आलं, मोरीतनं गेलं. शेवटी मोरीतच जायचं असतंय. मधे घागर कशाला? पण बघ, एक थेंब गळाला नाही."

हौसाबाईनं पिठाचा हात कपाळाला लावला. "माझ्या घरात हे चाळे करायचे नाहीत! काय वळसे काढायचे ते तिकडं घाटात जाऊन काढा! आन् शेळ्याकडं परत गेलात, तर मी काय तुमच्या मागनं यायची नाही."

"बरं," सर्जेराव म्हणाला. घरात करायचं नाही. घाटात जाऊन करायचं.

रविवार उजाडला. घाटाच्या तोंडाशी गर्दी. नियम असा, की एकेका गाडीने निघायचं आणि एकवीस वळणं चढून माथ्यावर पोचायचं. सगळ्यांत कमी वेळ लागेल तो पहिला. निघण्यात बाईंचा नंबर पहिलाच लागला. वस्तादांचं डोकं बॉनेटमध्ये होतं. तिथूनच ते म्हणाले, "सर्जेराव, त्या दोन फळ्या घे. एक सुरुवातीची, एक शेवटाची. दोन्ही जागच्या जागी लाव. शेवटाच्या फळीखाली अभ्यंकर मास्तर घड्याळ घेऊन बसतील." मग ते बाईंना म्हणाले, "आन् बाई, तुम्ही शेवटाची फळी दिसंपातूर पाय उचलू नका."

सर्जेरावानं सुरुवातीची फळी लावली. शेवटाची खांद्यावर घेतली आणि घाटाकडे पाहिलं. गाडी इकडून निघते, तिकडे पोचते. मधे एकवीस वळसे. वळशातच इंजीन तापतं. बर्फ तर घाटातही नाही.

नको ते त्याने मधनं काढलं. शेवटाची फळी सुरुवातीच्या फळीपुढे नेऊन रोवली. दोन्हींच्या मधे एका गाडीपुरती जागा ठेवली, कारण क्लिप आवळायला थोडी जागा लागतेच.

अभ्यंकर मास्तर आले, फळी वाचली आणि तिच्याखाली खुर्ची मांडून बसले. लोकांनी पाहिलं. पण मास्तरांनी तीस वर्षं गावाला गणित शिकवलं होतं. ते बसले तिथं चूक काढायची कुणाची छाती झाली नाही.

निशाण पडलं. बाईंची नजर समोरच्या वळणावर. गाडी सणसणत सुटली. टिक. मास्तरांनी घड्याळ दाबलं.

"पूर्ण," मास्तर म्हणाले. "दीड सेकंद. पुढचा."

धुरळा खाली बसला. वस्तादांनी एका फळीकडे पाहिलं, मग दुसऱ्या फळीकडे.

"मास्तर, तुम्ही वर बसायचं हुतं!"

"मला फळीखाली बसायला सांगितलं होतं. फळी कुठं असावी, हा माझा विषय नाही."

"सर्जेराव!"

"एक थेंब गळाला नाही, वस्ताद," सर्जेराव म्हणाला.

मग जे भांडण लागलं त्यात पुढच्या गाड्या निघाल्याच नाहीत. इकडे बाई एकवीस वळणं चढल्या. माथ्यावर फळी नव्हती. दोन वानरं होती. फळी दिसेपर्यंत पाय उचलायचा नव्हता. बाईंनी उचलला नाही. त्या तशाच पलीकडच्या अंगाने कोकणात उतरल्या. आंब्याच्या बागा गेल्या, माडांच्या गेल्या, फळी काही येईना. शेवटी पुढे रस्ताच उरला नाही, वाळू लागली.

सोमवारी सकाळी सर्जेरावानं न सांगता शेळ्या हाकायची काठी हातात घेतली आणि गॅरेजात निरोप घ्यायला गेला. एवढ्यात फोन वाजला. वस्ताद ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"वस्ताद, मी वेंगुर्ल्याहून बोलते," बाई म्हणत होत्या. "सबंध घाट चढून समुद्रापर्यंत आले. तापमानाचा काटा जरासुद्धा वर गेला नाही! पाइप कुणी जोडले?"

"सर्जेरावानं."

"त्याला सोडू नका."

वस्तादांनी फोन ठेवला, सर्जेरावाच्या हातातली काठी घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. सर्जेराव कायमचा राहिला. फळ्यांना मात्र त्याला पुन्हा हात लावू दिला नाही.

हे सगळं खरंच असं घडलं का, याची मला बरीच वर्षं शंका होती. म्हणून मध्यंतरी मोटार क्लबात जाऊन मी त्या वर्षीचं रजिस्टर मागून घेतलं. अभ्यंकर मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात नोंद आहे: प्रथम क्रमांक, सौ. मृणालिनी घोरपडे. वेळ, दीड सेकंद. शेरा: स्पर्धक अद्याप परतलेल्या नाहीत.