मार्तंड मिस्त्री आणि स्लोचा स्क्रू

घाटमाथ्यावरच्या एका गावात मार्तंड नावाचा एक मिस्त्री होता. जुन्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि हळूहळू त्यालाही ते आवडू लागलं होतं. ‘नक्की कळलं नाही’ असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी सरोजबाई त्याच्याकडे आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि स्वतःची जुनी मोटार अजून स्वतःच चालवत होत्या. मागच्या सीटवर त्यांची थोरली बहीण यमुनाक्का बसली होती. अक्कांचे डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. त्यांना घाटाखालच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

“मिस्त्री, गाडी पळताना छान पळते,” बाई म्हणाल्या. “पण वेग कमी केला की गचके देते. उभी केली की थरथरते आणि बंद पडते. प्लग बदलून झाले, कार्बोरेटर साफ करून झाला. काही फरक नाही. आणि हल्ली ब्रेकही जड लागतो.”

मार्तंडने बॉनेट उघडलं. लगेच भोवती माणसं गोळा झाली. चालू इंजिनात खालून कुठूनतरी बारीक फुसफुस ऐकू येत होती. ती शोधायची तर एकेक नळी दाबून बघावी लागली असती. बराच वेळ गेला असता. कदाचित सापडलीही नसती, आणि एवढ्या लोकांसमोर तो नुसता चाचपडत राहिला असता.

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि कार्बोरेटरवरचा स्लोचा स्क्रू आत फिरवला. उभ्या गाडीचं इंजिन किती वेगाने चालावं, ते या स्क्रूने ठरतं. इंजिन जोरात चालू लागलं. थरथर थांबली.

“झालं,” तो म्हणाला.

“इतक्यात? आणि ब्रेकचं काय?”

“जुन्या गाडीचा ब्रेक जडच लागायचा, बाई. जरा जोर लावा.”

कुणीतरी टाळी वाजवली. इतरांना जमलं नाही ते मिस्त्रीने चुटकीसरशी केलं! बाई घाटाकडे निघून गेल्या. मार्तंड चहा घेऊन बसला.

पण ती फुसफुस त्याच्या कानातून जात नव्हती. इंजिनात कुठूनतरी हवा शिरत होती, हे नक्की. कुठून? तो मनातल्या मनात एकेक नळी तपासू लागला आणि एकीपाशी थबकला. इंजिनाकडून ब्रेककडे जाणारी ती जाड रबरी नळी. इंजिन तिच्यातून हवा ओढतं आणि त्या ओढीमुळेच ब्रेक हलका लागतो. ती चिरली तर उभ्या गाडीचं इंजिन थरथरणार आणि ब्रेकही जड होणार. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं. बाईंनी दोन्ही त्याला सांगितल्या होत्या.

त्यात भर म्हणून त्याने इंजिनाचा वेग वाढवून ठेवला होता. आता बाईंनी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडी पुढेच रेटणार होती. समोर सगळा उतार होता.

त्याने फोन लावला. घाटात तो लागेना.

कदाचित तसं नसेलही, त्याला वाटलं. मागे धावलो तर साऱ्या बाजाराला कळेल. नाही गेलो आणि काही झालं, तर आपल्याला कोण विचारतंय? जुनी गाडी, वय झालेली बाई. लोक तेवढंच म्हणतील.

हा विचार मनात आला मात्र, त्याला स्वतःचीच भीती वाटली.

“मी बाईंची गाडी नीट बघितलीच नाही!” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला आणि त्याने मोटारसायकलला किक मारली.

प्रत्येक वळणाला तो आधी दरीकडे बघत होता. कठडा तुटलेला दिसला नाही की पुढे जात होता. अखेर गाडी दिसली. तिचा मागचा लाल दिवा पेटलेला होता. बाईंनी ब्रेक दाबून धरला होता, तरी गाडी थांबत नव्हती. समोरून एक ट्रक घाट चढत होता.

मार्तंडने मोटारसायकल खिडकीशी आणली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, गिअर खाली घ्या! दुसऱ्यात! आता पहिल्यात! हँडब्रेक हळूहळू ओढा! डोंगराला घासू दे, घाबरू नका!”

इंजिन किंचाळलं. चाक गटारात उतरलं, पत्रा दरडीला खरडत गेला आणि गाडी थांबली. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून निघून गेला.

“सरोज, पोचलो का गं?” मागून यमुनाक्कांनी विचारलं.

बाई खाली उतरल्या आणि दगडावर बसल्या. “मला वाटलं, माझ्याच पायात जोर उरला नाही,” त्या म्हणाल्या. “मीच आता अक्काला दरीत घालते, असं वाटलं.”

“तुमच्या पायाचा दोष नाही, बाई.” मार्तंडने बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि नळी चाचपली. खालच्या बाजूला चीर होती. त्यावर बोट ठेवताच फुसफुस थांबली आणि इंजिनाचा आवाज पालटला. “ही फुसफुस मला ऐकू आली होती. मी शोधली नाही. चारचौघांत चाचपडताना दिसायचं नव्हतं मला.”

बाई उठून जवळ आल्या आणि त्यांनी ती चीर वाकून पाहिली.

“मी मुलांना सांगायचे,” त्या म्हणाल्या, “उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेवा. कोरी पाटी घेऊन आलात तर मी शिकवीन. मनाचं काहीतरी लिहून आणलंत, तर तुम्हाला येत नाही हेच मला कळायचं नाही.”

मार्तंडने मान खाली घातली. मग तो परत गेला, नवी नळी घेऊन आला आणि तिथे रस्त्यातच बसवली. स्लोचा स्क्रू पूर्ववत केला. इंजिन शांत चालू लागलं. पाऊल नुसतं टेकवलं तरी ब्रेक लागतो, हे बाईंनी स्वतः दाबून पाहिलं आणि मगच त्या निघाल्या.

गॅरेजात माणसं वाट बघत होती. मार्तंडने घडलं ते सगळं सांगितलं. काही हसले. काहींनी आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या.

पुढे एकदा एक अनोळखी माणूस थरथरणारी गाडी घेऊन आला. मार्तंडने बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग हात पुसत तो म्हणाला, “अजून कळलं नाही. ठेवून जा. सापडलं की सांगतो.”

त्या माणसाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि चावी त्याच्या हातात दिली.

तात्पर्य: दुखणं कळलं नाही असं सांगण्यात कमीपणा नाही, ते झाकून ‘झालं’ म्हणणं मात्र दुसऱ्याच्या जिवावर बेततं.