तिसऱ्या मजल्यावरच्या तक्रारीची कहाणी

ऐका सूर्यनारायणा तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. मोबाईल पिशवीत, अक्षता मुठीत, कुजबुज नंतर. आटपाट नगर होतं, पण आता त्याची महानगरपालिका झाली होती. तिथं एक तीन मजल्यांची इमारत होती. लिफ्ट नकाशात होती, इमारतीत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर सगुणाबाई राहायची. गुडघे गेलेले, नवरा वारलेला, लेक परदेशी. तिला रविवारचा वसा होता. सूर्याला अर्घ्य द्यावं, पुरणाचा नैवेद्य दाखवावा, कहाणी सांगावी. कहाणी एकट्यानं सांगून फळत नाही. मुठीत अक्षता धरून ऐकणारं कोणी लागतं. शेजारीण ऐकायची, ती मुलाकडे राहायला गेली. अकरा महिने बाईचा पाय जमिनीला लागला नाही. मग ऐकणारं आणायचं कुठून? भिंतीला सांगून पाहिलं. भिंत हुं म्हणेना.

मग काय झालं? पालिकेनं म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी फोन नंबर काढला. रविवार आला, बाईनं फोन लावला. पलीकडे प्रणोती नावाची मुलगी. म्हणाली, "आजी, काय तक्रार आहे?"

"तक्रार कसली? हातात अक्षता घे, कहाणी ऐक."

"आजी, ऑफिसात अक्षता नाहीत."

"मग टाचण्या घे."

पोरगी गुणाची. टाचण्या घेतल्या, ऐकू लागली. राजा उतला, मातला, घेतला वसा टाकला, म्हाताऱ्या आईला माडीवर बसवून विसरला. पण तिथला नियमच असा, की फोन आला की तक्रार नोंदवायचीच. प्रणोतीनं नोंदवली. कोणाविरुद्ध? राजाविरुद्ध. काय केलं? आईला विसरला. पत्ता? आटपाट नगर. वॉर्ड विचारला, तर बाई म्हणाली, "राजाला कसला गं वॉर्ड? आणि चौकशीला कोणी येणार असेल तर रविवारी या. इतर दिवशी मी दार उघडायची नाही."

पहिल्या रविवारी कारकून आला. तीन जिने चढला, धापा टाकल्या, पाणी मागितलं. म्हणाला, "आजी, हा राजा आमच्या हद्दीत नाही. तक्रार मिटली म्हणून सही करा." बाई म्हणाली, "बैस. अक्षता धर. आधी कहाणी, मग सही." कारकून बसला, कहाणी ऐकली, पुरणपोळी खाल्ली. बाईनं सही केली नाही. दुसऱ्या रविवारी कारकुनाचा साहेब आला. तीन जिने चढला, धापा टाकल्या, पाणी मागितलं. कहाणी ऐकली, दोन पोळ्या खाल्ल्या. बाईनं सही केली नाही. तिसऱ्या रविवारी साहेबाच्या वरची मॅडम आली. चढताना दोनदा पायरीवर बसली. कहाणी ऐकली, पोळीला हात लावला नाही. म्हणाली, "सगुणाबाई, खरं सांगा. सही का करत नाही?"

बाई म्हणाली, "सही केली की तुम्ही यायचं बंद कराल. मला माणूस लागतं हो ऐकायला. आणि पुढल्या रविवारी उद्यापन. ते खाली देवळात करायचं असतं. मी उतरू कशी?"

मॅडमला वाईट वाटलं. पालिकेच्या भांडारात उचलून न्यायची खुर्ची होती, अजून प्लास्टिकमध्येच. पण उचलणार कोण? खुर्चीची तरतूद होती, माणसांची नव्हती. मग मॅडम देवळात गेली. देवळाकडे पालखीचे चार भोई होते, पायऱ्या उतरण्यात तरबेज. गुरव म्हणाला, "हे खांदे देवाचे. माणसाला लावता येत नाहीत."

भजनी मंडळाच्या मालनताईंनी टाळ खाली ठेवले. म्हणाल्या, "देव वर्षातून एकदा पालखीत बसतो, आणि त्याचे गुडघे शाबूत आहेत." गुरवानं भोयांना हाक मारली. एका भोयाची कंबर धरली होती, तर शेजारच्या मशिदीतून उस्मानभाई आले. म्हणाले, "डावा खांदा चालेल का? उजवा सिलिंडर वाहून दुखतो."

रविवार उजाडला. सगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, खुर्चीत बसली. भोयांना सवय देवाची. उचलल्याबरोबर त्यांनी जयजयकार केला. बाई लाजली, पण थांबा काही म्हणाली नाही. दुसऱ्या मजल्यावर दार किलकिलं झालं. आत पायानं अधू भास्करराव. "कुणाची पालखी?"

"माझी," बाई म्हणाली.

"मला उतरून आठ महिने झाले," भास्करराव म्हणाले. पहिल्या मजल्यावर ताराबाई, दोन्ही डोळे गेलेल्या. आवाजाच्या रोखानं हात पुढे करून म्हणाल्या, "मलाही न्या गं कोणी."

देवळात उद्यापन झालं. चाळीस बायांनी मुठी आवळून कहाणी ऐकली. मॅडमनं कागद पुढे केला. "सगुणाबाई, आता तरी सही." बाईनं पेन घेतलं, टोपण काढलं, आणि विचारलं, "भास्करराव उतरले?"

"नाही."

"ताराबाई?"

"नाही."

बाईनं टोपण लावलं, पेन परत दिलं. "मग तक्रार मिटली कशी?"

तक्रार मिटेना, म्हणून खुर्ची भांडारात परत जाईना. दर रविवारी ती एकेका इमारतीत चढते, आणि एकेकाला घेऊन उतरते. खाली आलेला माणूस आधी विचारतो, वर अजून कोण राहिलंय? कोणी ना कोणी राहिलेलं असतंच. मग बाई सही करत नाही.

जसे सगुणाबाईला ऐकणारे कान आणि उचलणारे खांदे मिळाले, तसे तुम्हाआम्हाला मिळोत. गुडघे आपलेही जायचेच आहेत. ही साठा अर्जांची कहाणी, एका सहीवाचून सुफळ संपूर्ण.