निरोपाची उपासना

“आणि मागच्या वेळी तिथून निघालात, तेव्हा कुणाकुणाचा निरोप घेतलात?”

दाजीबांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या मांडीवर सूप होतं आणि ते तुरीच्या शेंगा सोलत होते.

शमुवेल वाघचौरे गोंधळले. सदुसष्ट वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. ते आशीर्वाद मागायला आले होते, उत्तरं द्यायला नाही.

“निरोप कसला, बाबा... जीव मुठीत धरून निघालो आम्ही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे.”

“तू चर्चमध्ये सांगतोस तेवढं मला ठाऊक आहे.”

दाजीबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, थकलेले पाळक. चर्चच्या मागच्या खोलीत एकटे राहत. शमुवेलचा बाप्तिस्मा त्यांनी केला होता, शास्त्र त्यांनी शिकवलं होतं, सगुणाशी लग्नही त्यांनीच लावलं होतं. शमुवेल अजून त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत.

सहा वर्षांपूर्वी हे नवराबायको आफ्रिकेतून परतले होते. तिथल्या एका नदीकाठच्या गावात चार वर्षं त्यांनी मिशनचं काम केलं. शमुवेल शाळा चालवत, सगुणा नर्स होती, ती नऊ खाटांचा वॉर्ड सांभाळी. मग तिथं लढाई पेटली.

परतल्यापासून शमुवेलनी चाळीसेक चर्चमध्ये साक्ष दिली होती. गाडी कशी नेमक्या वेळी आली, गोळ्या कशा डोक्यावरून गेल्या, देवानं कसं तारलं. लोक ऐकून रडत. आता मिशन त्यांना पुन्हा त्याच गावी पाठवत होतं. बुधवारी निघायचं होतं. रविवारी निरोपाची उपासना होती, आणि त्यानंतर दीडशे माणसांचं जेवण.

“तुम्ही फक्त या आणि आमच्या मस्तकावर हात ठेवा,” शमुवेल म्हणाले. “तेवढीच इच्छा आहे.”

दाजीबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून सगुणा बसली होती.

“सगुणा, तू सांग. कुणाचा निरोप घेतलास?”

“अडेलाचा,” ती हळूच म्हणाली.

“कोण ही?”

“तीन दिवसांची बाळंतीण होती. वॉर्डात सात जण होते. गाडी दुपारी आली. ड्रायव्हर म्हणाला, दहा मिनिटं. दोघांचीच जागा होती... अडेलानं विचारलं, सिस्टर, परत केव्हा? मी म्हटलं, उद्या. औषधं आणायला चाललोय.”

“बाबा, अशा वेळी माणूस दुसरं काय बोलणार?” शमुवेल म्हणाले.

“मग?”

“मग मी बाहेर आले,” सगुणा म्हणाली. “आणि दाराला कडी लावली.”

“शेळ्या आत शिरायच्या,” शमुवेल घाईनं म्हणाले. “रोजचंच होतं ते. सवयीनं लागली कडी.”

सगुणानं मान हलवली.

“शेळ्यांसाठी नाही लावली.”

“सगुणा...”

“अडेलाला चालता येत होतं. आणखी दोघांना येत होतं. आम्ही निघालोय हे कळलं असतं तर गाडीमागं धावले असते. गाडी थांबवावी लागली असती. म्हणून लावली.”

शमुवेल बायकोकडे बघत राहिले. कडीचं त्यांना सहा वर्षं माहीत होतं. ती का लावली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दाजीबांनी कानामागं हात धरला.

“काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.”

तिनं पुन्हा सांगितलं.

“मोठ्यानं बोल, पोरी.”

“बाबा, तुम्हाला येतंय ऐकू!” शमुवेल कळवळून म्हणाले. “हापशावर बायका आहेत...”

“मोठ्यानं.”

सगुणा उठून उभी राहिली. मग ती ओरडली, इतक्या जोरात की तिचा आवाज फाटला.

“माझ्यामागं येऊ नयेत म्हणून मी त्यांना कोंडलं!”

बाहेर हापशाचा आवाज थांबला.

दाजीबांनी सूप खाली ठेवलं.

“त्यांचं काय झालं?”

“आठ महिन्यांनी तिथल्या कॅटेकिस्टचं, धर्मशिक्षकाचं, पत्र आलं. आम्ही निघालो त्याच संध्याकाळी गाव पेटवलं. मागच्या खिडकीतून सातांतले दोघं निघाले. अडेला नाही निघाली.”

“आणि मूल?”

“पत्रात मुलाचं काही नव्हतं.”

“म्हणूनच तर जायचंय, बाबा,” शमुवेल अखेर म्हणाले. “काम अर्धं राहिलंय.”

“कुठलं काम?”

शमुवेलनी सुपातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

“तू कशाला चाललीस?” दाजीबांनी सगुणाला विचारलं.

“अडेलाला आई होती. नदीपलीकडे राहायची. असेल अजून, तर तिला सांगायचंय.”

“तिच्या भाषेत येईल सांगता?”

“येईल. सहा वर्षं रोज मनात म्हणतेय.”

“मग आधी आपल्या भाषेत सांग. रविवारी. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

“बाबा!” शमुवेल उभे राहिले. “असं सांगितलं तर मिशन आम्हाला पाठवेल का?”

दाजीबांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. ते शेंगा सोलू लागले.

शनिवारी दिवसभर शमुवेल बायकोला विनवत होते. तिथं गेल्यावर त्या आईला सांग, तिच्या पाया पड, मीही पडतो. पण इथं कशाला? इथल्या लोकांचं त्यात काय गेलं?

“त्यांनी आपल्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलंय,” सगुणा म्हणाली. “सहा वर्षं.”

“मग निदान मला बोलू दे. तुला जमणार नाही.”

“तुम्ही चांगलं बोलता हो. म्हणूनच नको.”

रविवारी चर्च भरलं होतं. खिडक्यांना झेंडूच्या माळा होत्या. बाहेर मटणाची पातेली चुलीवर होती आणि वास आत येत होता. साक्षीची वेळ आली तेव्हा शमुवेलच्या आधी सगुणा उठली. वेदीपाशी गेली नाही. बाकांच्या मधे उभी राहिली आणि बोलली. पाच मिनिटंही लागली नाहीत. गोळ्यांचं तिनं काही सांगितलं नाही. कडीचं सांगितलं.

या वेळी कुणी रडलं नाही.

पुढच्या बाकावरून एक म्हातारी उठली, पदर सारखा केला आणि बाहेर निघून गेली. तिच्यामागं तिच्या घरचे गेले. मग इतर लोक उठू लागले. बाक सरकल्याचे आवाज येत राहिले. सगुणा तिथंच उभी होती. जाणारे लोक तिला वळसा घालून जात होते.

तेव्हा शमुवेल उठले. ते बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“गाडीतून मी मागं वळून बघितलं होतं,” ते म्हणाले. त्यांचा तो कमावलेला आवाज कुठेच नव्हता. “कडी दिसली मला. आतून कुणीतरी दार हलवत होतं. ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही मी.”

सगुणानं नवऱ्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

जेवायला तीसेक माणसं थांबली. उभ्यानंच जेवली. बाकीचं मटण दुपारी वस्तीवर वाटून टाकलं.

सोमवारी मिशनचा फोन आला. बोलणारा माणूस फार सौम्यपणे बोलला. तुम्ही दोघं थकलाय, विश्रांती घ्या. बुधवारचं जाणं रद्द केलंय. आणि कृपा करून आता कुठल्याही चर्चमध्ये साक्ष देऊ नका. शमुवेलच्या बहिणीनं निरोप पाठवला की काही दिवस आमच्याकडे येऊ नका, मुलीच्या सोयरिकीचं चाललंय.

मंगळवारी सकाळी दोघं दाजीबांकडे गेले. दाजीबा तापानं अंथरुणावर होते. सगुणानं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पायथ्याशी बसली. शमुवेल उभेच राहिले.

“झालं समाधान?” ते म्हणाले. गुरूशी ते आयुष्यात पहिल्यांदाच असं बोलत होते. “चाळीस वर्षांत कमावलेलं एका सकाळी गेलं. मिशननं नाही म्हटलं. मंडळी तोंड फिरवतात. सख्ख्या बहिणीचं दार बंद झालं. आता आम्हाला पाठवणारं कुणी नाही, बाबा.”

दाजीबांनी डोळे उघडले. ते दोघांकडे बघत राहिले... आधी सगुणाकडे, मग शमुवेलकडे.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

“मग आता निघा. नदीपलीकडे.”