सांगणाऱ्यांची साखळी

एकदा एका कसब्यात एक वृद्ध मौलाना राहत असत. पैगंबरसाहेबांचे कोणतेही वचन शिकवताना ते आधी सांगणाऱ्यांची साखळी विचारीत. हे कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले? साखळीतला एक दुवा जरी कच्चा निघाला, तरी ते वचन बाजूला ठेवीत. तुफैल हा त्यांचा लाडका शिष्य. अशा शेकडो साखळ्या त्याला तोंडपाठ होत्या आणि त्याचा थोडा तोराही होता.

वस्तीत कोणी बाई वारली की तिला गुस्ल, म्हणजे अखेरचे स्नान, जुलेखाबी घाली. तीस वर्षे तिने हे काम केवळ पुण्यासाठी केले होते. एके दिवशी तुफैलच्या फोनवर मजकूर आला, 'जुलेखाबी मयताच्या कानातल्या बाळ्या काढून घेते.' तुफैलने मागचापुढचा विचार न करता तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला, वर 'सावध राहा' असे पदरचे दोन शब्द जोडले. मौलानांचा शिष्यच सांगतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? त्या दिवसापासून जुलेखाबीला बोलावणे बंद झाले.

ज्या मयताच्या बाळ्यांवरून ही बातमी उठली होती, त्या बाळ्या महिन्याभराने तिच्याच घरातल्या पेटीत सापडल्या. तुफैलने मजकूर पुसला, माफी लिहिली आणि हलक्या मनाने धड्याला येऊन बसला.

मौलानांनी समोरचा ग्रंथ मिटला. "आज पाठ नाही. त्या मजकुराची साखळी सांग."

"हजरत, शब्बीर शिंप्याने पाठवला होता."

"आणि त्याला?"

तुफैलने ते विचारलेच नव्हते. मौलाना काठी घेऊन उठले आणि त्याला दारोदार घेऊन फिरले. शिंप्याने एका शेजारणीचे नाव सांगितले. शेजारीण म्हणाली, "मी नुसतं विचारलं, जुलेखाबीनं तर नाही ना काढल्या?" शेवटी मयताची सून भेटली. ती रडकुंडीला आली. "मी एवढंच म्हटलं होतं, सासूबाईंच्या बाळ्या सापडत नाहीत. जुलेखाखालांचं नाव कधी घेतलं मी?"

बाहेर आल्यावर मौलाना थांबले. "वचनाची साखळी तू चौदाशे वर्षे मागे नेतोस, बेटा. एका बाईच्या अब्रूसाठी तुला तीन दारे मागे जाववले नाही. आलेली बातमी आधी पडताळा, हा कुराणाचा हुकूम काय नुसता पाठ करायला आहे?"

मग दोघे जुलेखाबीकडे गेले. तुफैलने हात जोडले. "खाला, मला माफ करा."

"केलं रे बाबा, अल्लाहच्या वास्ते केलं."

इतक्यात मशिदीच्या भोंग्यावरून पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी वारल्याचे पुकारले गेले. जुलेखाबी सवयीने उठली, बाह्या वर सारून दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

"नको. साऱ्या बायका माझ्या हातांकडंच बघत बसतील," ती म्हणाली आणि बाह्या खाली ओढून पुन्हा बसली.

माफीचा मजकूर साऱ्या मोहल्ल्याने वाचला होता. तरी तिला बोलवायला कोणीही आले नाही. तिच्या ओट्यावर बसून तुफैलने दुपारभर वाट पाहिली.