तांदूळ उदंड झाले

फार फार वर्षांपूर्वी, राजे राजवाड्यात आणि कावळे फांदीवर आपापल्या जागी सुखात होते, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी एक बाजारपेठेचं गाव होतं. गावाला वेस होती, वेशीबाहेर एक थोरली चिंच होती आणि चिंचेखाली फकिराचा तक्या होता. तक्या म्हणजे लोडाशेजारी ठेवतात तो नव्हे, बाळांनो. फकीर जिथे राहतो, नमाज पढतो आणि वाटसरूला पाणी पाजतो, त्या जागेलाही तक्याच म्हणतात.

तिथे एक म्हातारे फकीरबाबा राहत आणि त्यांची विधवा लेक जैतूनबी. जैतूनबी रोज सकाळी एक भलं मोठं पातेलं चुलीवर चढवी आणि गावातल्या म्हाताऱ्यांसाठी खिचडी शिजवी. कुणाचा मुलगा लढाईवर गेलेला, कुणाला मूलच नाही, आणि कुणाला घर भरून माणसं असूनही विचारणारं कुणी नाही, असे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या तिथे जेवत. ज्यांना चालवत होतं ते चिंचेखाली येऊन बसत. ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्या घरी झाकणाचं मडकं पोचवलं जाई. ते काम कातडी पखालीतून घरोघर पाणी घालणारा गावाचा पखालजी करी, पाण्याच्या फेरीबरोबर.

एवढे डाळ-तांदूळ यायचे कुठून? गावातूनच. घरोघरच्या बायका रोज आधणात दाणे घालण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढत. माळवाड्यात, कुंभारवाड्यात, ब्राह्मणआळीत, मोमीनपुऱ्यात, सगळीकडे ही एकच रीत होती. मूठ काढताना कुणी विचारलं नाही की ही कुणाच्या पोटात जाणार. म्हातारपणाला जात नसते आणि भुकेला तर मुळीच नसते, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी या साऱ्या मुठी त्रिंबकशेठच्या कोठारात जमा होत, कारण गावात त्या एकाच कोठारात उंदीर शिरत नसत. तक्यातलं धान्य सरलं की जैतूनबी निरोप धाडी आणि शेठ पोतं पाठवून देत. शेठनी ही जबाबदारी आपण होऊन घेतली होती. तेव्हा त्यांचं मन साफ होतं, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

आता त्रिंबकशेठविषयी. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या वडिलांनी वर्षातून एकदा गावजेवण घालायचा पायंडा पाडला होता आणि शेठनी तो पुढे चालवला होता. साजूक तुपातल्या पुऱ्या, कळीचे लाडू, मठ्ठा. त्या एका जेवणाचं कौतुक गावाला वर्षभर पुरायचं. शेठ रस्त्याने निघाले की लोक म्हणत, काय लाडू होते शेठजी! शेठ मान खाली घालून हसत आणि पुढच्या वळणावर पुन्हा कुणीतरी तेच म्हणेल याची वाट बघत.

पण जैतूनबीची खिचडी सुरू झाली आणि हळूहळू लाडवांची गोष्ट मागे पडली.

एके दिवशी शेठना वाटेत भिवराई भेटली. भिवराई गावाच्या टोकाला एकटी राहणारी कोष्टीण. उभं आयुष्य तिने मागावर काढलं होतं आणि आता डोळे गेले म्हणून माग बंद होता. शेठनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजी, औंदाच्या गावजेवणातले लाडू कसे होते?"

"लई ग्वाड होते म्हणं," भिवराई म्हणाली. "शेजारीण सांगत होती. मला मेलीला दात कुठं हाईत? जैतूनबीची खिचडी तेवढी जाती बघा पोटात. बसून खाऊ घालती पोर."

शेठ हसले, पण घरी आल्यावर त्यांना पान गोड लागलं नाही.

त्या दिवसापासून शेठना पोटदुखी जडली. या पोटदुखीवर ओवा चालत नाही. माडीच्या खिडकीशी बसून ते पखालजीच्या हातातली मडकी मोजू लागले. आज अकरा. काल दहाच होती. म्हणजे आणखी एक म्हातारं तिकडे गेलं. वाऱ्यावर जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की ते म्हणत, फार जिरं घालते, म्हाताऱ्यांना बाधेल. कुणी जैतूनबीचं नाव घेतलं की म्हणत, तिचं काय जातं, धान्य गावाचं, कोठार माझं, आणि नाव हिचं. यात खोटं काहीच नव्हतं. मत्सराची गंमतच ही आहे, तो बहुतेक खरंच बोलतो आणि तरी मेला चूक असतो.

शेठाणी यमुनाबाई हे सगळं ऐकत आणि एकीऐवजी दोन मुठी बाजूला काढत.

मग एका वर्षी पाऊस उशिरा आला. घरोघरच्या मुठी लहान झाल्या, पण थांबल्या नाहीत. तक्यातलं धान्याचं मडकं एका सकाळी तळाला लागलं. जैतूनबीने पखालजीला निरोप दिला, आणि पखालजीने तो शेठच्या ओसरीवर उभं राहून जसाच्या तसा सांगितला. "शेठजी, जैतूनबीनं सांगितलंय, तक्यात तांदूळ उदंड झाले."

आता तुम्ही म्हणाल, उदंड झाले तर निरोप कशाला? पण तुमच्यातल्या आज्या गालात हसल्या असतील. त्या गावात धान्याच्या बाबतीत "संपलं" हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. अन्नाला संपलं म्हणू नये, लक्ष्मी रुसते. म्हणून तेल संपलं की तेल उदंड झालं म्हणायचं आणि पीठ संपलं की पीठ वाढलं म्हणायचं. जैतूनबी याच गावात लहानाची मोठी झालेली, तिची जीभही याच वळणाची. आजवर तिचा निरोप शेठाणीच्या कानी पडत असे आणि पोतं निघत असे. त्या दिवशी यमुनाबाई माहेरी गेल्या होत्या. शेठनी जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, तरी आईच्या तोंडी हा शब्द त्यांनी शंभरदा ऐकला असणार. मन निर्मळ असतं तर आठवला असता.

पण मनात जळत होतं. उदंड झाले? शेठच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे लोक परस्पर तिच्याकडे नेऊन घालतात तर! पोती ठेवायला जागा नाही, हे मला डिवचायला सांगून पाठवते!

पखालजीला त्यांनी "बरं" म्हणून वाटेला लावलं आणि दुपारी दवंडी पिटवली. दवंडीत त्यांनी शब्द आपले घातले. तक्यात धान्य भरपूर झालं आहे, आता घरोघरी मूठ काढायचं कारण नाही, ऐका हो ऐका. कोठारात जमलेल्या मुठींना मात्र त्यांनी हात लावला नाही. शेठ चोर नव्हते, नुसते जळत होते.

बायकांनी दवंडी ऐकली आणि मूठ काढणं थांबवलं. तक्यात भरपूर आहे म्हटल्यावर शेजारच्या म्हातारीला जेवलीस का, असंही कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

जैतूनबीनेही दवंडी ऐकली. ती चुलीपुढे बसून राहिली. फकीरबाबा म्हणाले, "लेकी, काहीतरी गैरसमज झालाय. जा, पुन्हा विचार."

"बाबा, न मागता देणारा हात होता तो," जैतूनबी म्हणाली. "त्यानं आता मूठ मिटली असेल, तर ती मी कोणत्या तोंडानं उघडू?"

अभिमान हाही एक अवघड पाहुणा आहे. जैतूनबी चांगली होती, पण तिथे ती चुकली, आणि ते मी झाकणार नाही. घरातली ज्वारी भरडून तिने चार दिवस पेज केली. पाचव्या दिवशी पेजेत पाणीच जास्त होतं. सहाव्या दिवशी चूल पेटली नाही. पखालजीलाही तिने गावात काही बोलू दिलं नाही. तिने म्हाताऱ्यांची हात जोडून माफी मागितली आणि ते उठून आपापल्या घरी गेले. म्हाताऱ्या माणसांची एक खोड असते. उपाशी असली की ती म्हणतात, आज भूकच नाही बघ. सगळ्यांनी तेच म्हटलं आणि गावाने ते खरं मानलं.

नवव्या दिवशी यमुनाबाई माहेराहून परतल्या. दुपारी शेठ पाटावर बसले. चार दिवस खिडकीखालून एकही मडकं गेलं नव्हतं, म्हणून त्यांची तब्येत एकदम खूश होती. बोलता बोलता त्यांनी सगळं सांगून टाकलं. दवंडी सांगितली, आणि वर म्हणाले, "माजली आहे ती. स्वतःच्या तोंडानं सांगून पाठवलं, तांदूळ उदंड झाले म्हणून. आता आळसानं चूलही पेटवत नाही."

यमुनाबाईंच्या हातातली पळी थांबली. त्या ताट उचलून आत गेल्या. शेठ वाट बघत बसले. बराच वेळ झाला. त्यांनी भात आणायला सांगितलं. यमुनाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी रिकामं ताट शेठपुढे ठेवलं.

"आज आपल्याकडे तांदूळ उदंड झालेत," त्या म्हणाल्या.

"मग वाढ की."

शेठनी ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा ताटाकडे. त्यांना आपली आई आठवली, पदर खोचून रिकाम्या डब्यापुढे उभी असलेली.

"अगं," ते एवढंच म्हणाले, आणि पाटावरून उठले.

शेठनी तरणेपणी कधी उचललं नव्हतं ते पोतं त्या दिवशी स्वतःच्या पाठीवर घेतलं. मागून गडीमाणसं उरलेली पोती घेऊन धावली. भर उन्हात, भर बाजारातून, त्रिंबकशेठ धापा टाकत तक्यात पोचले. जैतूनबीपुढे पोतं टाकून ते सांगू लागले, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मी जळत होतो, असं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाजारात वजन असलेल्या माणसाला हे चार लोकांत बोलायला किती जड जातं, ते बोलून बघा.

जैतूनबीने सगळं ऐकून घेतलं. रागवायला तिच्याकडे वेळ नव्हता. तिने चूल पेटवली. दवंडीतली चूक कानोकानी पसरली आणि बायका ओच्यात मुठी घेऊन धावत आल्या. कुणी तांदूळ निवडले, कुणी लाकडं फोडली, आणि सूर्य कलायच्या आत खिचडी झाली. पखालजीला सगळीकडे पोचणं शक्य नव्हतं, म्हणून ज्याला जे मडकं मिळालं ते घेऊन तो निघाला. भिवराईचं मडकं शेठनी मागून घेतलं.

आपल्याला तिला काय सांगायचं आहे, ते शेठ वाटभर मनाशी जुळवत होते. पहिला घास आपण भरवू, असं त्यांनी ठरवलं होतं. भिवराईचं दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारीण अंगणातच होती. ती म्हणाली, सकाळी हाक मारली तर म्हातारी बोलली की मला भूक न्हाई, जरा पडते.

शेठनी दार ढकललं. भिवराई बंद मागाशेजारी कुशीवर निजली होती. त्यांनी दोनदा आजी म्हणून हाक मारली. मग ते मडकं खाली ठेवून तिच्यापाशी बसले, आणि शेजारीण आत येऊन रडू लागेपर्यंत तसेच बसून राहिले.

बाकी सगळे म्हातारे त्या दिवशी जेवले. सगळी मडकी रिकामी होऊन परत आली आणि एक भरलेलं आलं. शेठनी ते जैतूनबीच्या हातात दिलं. त्यांना वाटलं होतं की ती शिव्याशाप देईल. त्यांना ते हवंच होतं.

जैतूनबी मडक्याकडे बघत म्हणाली, "शेठजी, तुम्हाला एक शब्द कळला नाही, आणि मला दुसरा उच्चारता आला नाही. आपण दोघांनी मिळून उपाशी मारली तिला."

भिवराईला साऱ्या गावाने पोचवलं. खांदा द्यायला शेठ पुढे होते आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

त्यानंतर त्या गावात एक नवी रीत पडली. घरोघरी तेल अजूनही उदंड होई आणि पीठ अजूनही वाढे. पण तक्यातलं धान्य सरत आलं की जैतूनबी दारात उभी राहून मोठ्याने सांगे, संपलं. आणि ते ऐकून त्रिंबकशेठ स्वतः गल्लीगल्लीतून ओरडत जात, तक्यातलं धान्य संपलं हो, संपलं. हा शब्द उच्चारताना त्यांची जीभ दरवेळी अडखळे. पहिल्यांदा चार म्हाताऱ्या बायकांनी कानावर हात ठेवले. पण लक्ष्मी काही रुसली नाही, आणि तक्यातली चूल पुन्हा विझली नाही.

शेठचा मत्सर पुरता गेला का, असं विचाराल तर खोटं कशाला बोलू? जैतूनबीचं कौतुक कानी आलं की त्यांना थोडं टोचायचं, शेवटपर्यंत टोचायचं. पण आता टोचलं की ते मडकं उचलून कुणातरी म्हाताऱ्याच्या घराकडे चालू लागत.

तात्पर्य: मत्सराने भरलेल्या कानाला शब्द ऐकू येतो, अर्थ ऐकू येत नाही, आणि त्याची किंमत भलत्याच कुणाला मोजावी लागते.