आतली कडी

एका राज्यात, जिथे साळुंक्या मोकळेपणी बोलत आणि माणसे मात्र जपून बोलत, वीरध्वज नावाचा राजा होता. त्याने शापित भुयारातला मुकुट उपसून डोक्यावर ठेवला, आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागले. राणी तुला विष घालणार, असे ते सांगत. मुकुट उतरवून खजिन्यात ठेवला, तरी आवाज उतरले नाहीत. ते चढले की राजा हाती लागेल ते फेकी, राणीचा गळा धरी. आणि भानावर आला की तिच्याच पायाशी बसून रडे.

आज नवरा येतो आहे की आवाज, हे राणी हेमावती पावलांवरून ओळखू लागली. वळ कुणी पाहिलेच तर म्हणे, जिन्यावरून पडले. तिच्या महालाला जिनाच नव्हता, हे साऱ्या दरबाराला ठाऊक होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. त्यात राज्याची रीत अशी, की राणीच्या दाराला आतून कडी नसावी. राजाला बंद दार म्हणजे अपशकुन.

एके सकाळी तिची साळुंकी म्हणाली, "राणी, पुढच्या खेपेला तू वाचणार नाहीस."

"तो आजारी आहे."

"आजारी आहे, हे खरे. तू मरशील, हेही खरे."

मग साळुंकीने तीन कामे सांगितली. पहिले, भर दरबारात खरे बोलणे. राणीने वळांचे खरे कारण सांगितले, आणि प्रधानांनी माना खाली घातल्या. दुसरे, काळडोहाच्या मांत्रिकिणीकडून आवाज शमवणारे पाणी आणणे. मांत्रिकीण दुष्ट नव्हती, तुसडी होती. तिने बजावले, हे रोज प्यावे लागेल, आणि राजाने स्वतः मागून. तू पाजलेस तर व्यर्थ. राणीने ते पाणी प्रधानांच्या हवाली केले, आणि ते तिथे आहे एवढे राजाला कळवले.

तिसरे काम कडीचे. लोहार ती ठोकू लागला तशा दासी कानांवर हात ठेवून पळाल्या. साळुंकी म्हणाली, "तो 'उघड, उघड' म्हणत राहील, तोवर उघडू नकोस."

सांजेला राजा आला. आधी दार हादरले, मग शिव्या, मग आर्जवे. तो ओळखीचा, गोड आवाज ऐकून राणीचा जीव तुटला आणि हात कडीवर गेला. भीतीपेक्षा माया आवरणे तिला जड गेले. तिने हात पदरात गुंडाळून घेतला.

बाहेर आर्जवे थांबली, तो दाराशीच खाली बसला. मग राजा हलकेच म्हणाला, "हेमा, आज उघडू नकोस. ते आवाज परत आले आहेत. मी प्रधानांकडे जातो, पाणी मागतो."

त्याची पावले दूर गेली, आणि खजिन्यातला मुकुट तडकल्याचे साऱ्या नगरीने ऐकले.

शाप फिटला. आवाज हळूहळू विरले, तरी राजा रोज पाणी मागून पीत राहिला. त्या राज्यात आता नव्या नवरीच्या दाराला आधी आतून कडी बसवतात, मग तोरण बांधतात. आणि रोज निजण्याआधी राजा राणीच्या दाराबाहेर थांबून विचारतो, "कडी लावलीस ना?"